तोंडात पाणी धरायला लावणारी ताई

माझ्या डोळ्यांदेखत तिनं माझी गेम पुसून टाकली. पूर्ण! कितीतरी महिन्यांची मेहनत होती. मी तिच्या बाजूलाच उभी, हातात मीच केलेला चहा, आणि ही बाई शांतपणे फोल्डरवर गेली, डिलीट दाबलं, मग कचऱ्याच्या डब्यात शिरून तिथूनही उडवलं. मला आधी वाटलं गंमत करते आहे. मग स्क्रीन पाहिली, फोल्डर खरंच गेलेलं.

"दुसरी कॉपी कुठी हाये?" तिनं विचारलं.

"कुठीच नाई," मी म्हणाले.

"मंग आज ना उद्या हेच होनार होतं. लॅपटॉप पडला असता, नाई तर चोरी गेला असता, नाई तर तूच काई भलतं दाबलं असतं. आज मी दाबलं. चहा पी, थंडा होऊन रायला."

तो चहा मी तिच्या अंगावर फेकला नाही, हे माझ्या आईबाबांचे संस्कार. भिलईच्या वैशाली नगरातून आमच्या सेक्टर टूपर्यंत स्कूटीवर रडत आले. दार उघडल्या-उघडल्या आईनं विचारलं, "कोण गेलं वं?" संध्याकाळी हिचा फोन. "तुझा दोडका माह्या पेनड्राइव्हमंदी हाये. तू चहा करत होती तवाच काढून ठेवला होता. घेऊन जाय. अन् येतानी फल्लीदाणे आन." मी फोनवर काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती ऐकत राहिली आणि शेवटी त्या शेंगदाण्यांबद्दल म्हणाली, "भाजलेले आनजो. खारे नको."

आज माझी प्रत्येक फाइल घरात असते, घराबाहेर असते आणि इंटरनेटवरही असते. असं शिकवायची काही पद्धत असते का? पण शिकले, ते खरं.

दोडका म्हणजे माझी गेम. हे नाव तिनं दिलेलं. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या गेमला ती भाजीचं नाव द्यायची. एकाची ढेमसं होती, एकीची चवळी. मी पहिल्या दिवशी मोठ्या हौसेनं गेमचं नाव, त्याची सुंदर अक्षरं, रंग, सगळं तयार करून नेलं होतं. तिनं ते बघितलंही नाही. "गेम कुठी हाये? नाई ना? मंग बारसं कोनाचं करून रायली? नाव ठेवलं का मानूस त्याच्या प्रेमात पडते, अन् प्रेमात पडलं का कापता येत नाई. दोडका म्हन. दोडक्याले कापाले कोनी रडत नाई." तेव्हापासून दोडका. दहा माणसांत विचारायची, "दोडका कुठवर आला?" आणि मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन सांगायची, "ताई, दोडक्याचा आवाज बाकी आहे."

ती कोण, ते सांगते. आमच्याच जातीकुळीची, म्हणजे आजोबा भंडाऱ्याकडची शेती सोडून इथल्या स्टील प्लांटमध्ये आलेले, बाप प्लांटमध्ये, आणि ही शिकून पुण्याला गेली. तिथं मोठ्या गेम कंपनीत खूप वर्षं होती. आई आजारी पडली म्हणून परत आली, आई गेली, पण ही काही परत गेली नाही. वैशाली नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहायची. कॉम्प्युटर स्वयंपाकघरात, ओट्यावर, गॅसच्या बाजूला. उभ्यानं काम करायची. एका हातानं कोड लिहायची, दुसऱ्या हातानं भाजी हलवायची, आणि भाजी रोज लागायची. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळ नाई मिळाला. मिळाला असता तरी झोपली असती." तोंडावर आम्ही तिला तुमी-तुमी करायचो, पाठीमागे ती.

मी तिच्याकडे गेले तेव्हा शाळेतली कॉम्प्युटर टीचरची नोकरी सोडून बसले होते. घरी काय महाभारत झालं असेल, समजून घ्या. बाबा रिटायरमेंटला आले होते, आणि आमच्याकडे बाप रिटायर झाला की प्लांटचं क्वार्टर सोडावं लागतं. माझा जन्म त्या क्वार्टरमधला. बाबांनी फार आरडाओरडा केला नाही. ते म्हणाले, "माह्या रिटायरमेंटपर्यंत कर काय करायचं ते. गेम बाहेर निघाली तर ठीक. नाई तर मंग नागपूरले मामाच्या ऑफिसात जाय." म्हणजे क्वार्टर आणि माझी मुदत एकाच दिवशी संपणार होती. आणि मला ती गेम त्याच घरात, बाबांच्या हातात द्यायची होती. म्हणून घाई, म्हणून रडारड, म्हणून मी त्या बाईचं सगळं ऐकून घेत होते.

माझा बेत काय होता? आख्खं भिलई! सगळे सेक्टर, बाजार, बगीचे, प्लांटचं मोठं गेट, मालगाड्या, ढीगभर माणसं, प्रत्येकाची वेगळी गोष्ट. मी तिला नकाशे काढून दाखवले. ती ओट्यापाशी उभी राहून फल्लीदाणे सोलत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "एक खोली घे."

"म्हणजे?"

"म्हणजे चार भिंती. एवढं सगळं करता-करता तुझा बाप रिटायर होऊन नातवंडं खेळवून राहील. एक खोली सांग, जिथं तू लहानपनी श्वास धरून चालत होती."

मी विचार न करता बोलून गेले, "बाबा नाईट करून आले की झोपत ती."

"झालं. हेच बनव. बाकी भिलई राहू दे."

मला धक्काच बसला. एवढ्या मोठ्या बेतातून एक पलंग आणि एक कुलर उरला! पण त्या खोलीत खरंच सगळं होतं. बाबा नाईट शिफ्ट करून यायचे, चहा पिऊन पडायचे, आणि मग दुपारपर्यंत घरात आवाज बंद. आई इशाऱ्यानं बोलायची. कुकर लावायचा नाही, नळ पूर्ण सोडायचा नाही, लोखंडी कपाट उघडताना दाराचा पल्ला वर उचलून धरायचा म्हणजे करकरत नाही. माझी गेम तीच झाली. एक छोटी पोरगी, झोपलेले बाबा, आणि त्यांना न उठवता डबा काढायचा, कंपासपेटी शोधायची, खिडकीतून आलेल्या मांजरीला हाकलायचं. आवाज झाला, बाबा उठले, की गेम संपली.

आवाजासाठी तिनं माझा जीव खाल्ला. इंटरनेटवरचे फुकटचे आवाज मी लावले तर म्हणाली, "हा कुलर तुझ्या घरचा हाये का?" मग भर उन्हाळ्यात मी आमच्या कुलरसमोर मोबाईल धरून बसले. कपाट, नळ, चपला, सगळं घरचं. तिच्याकडे एक काच फुटलेला जुना मोबाईल होता. "याच्यावर चालली तर गेम. नाई तर ते तुझं नि तुझ्या लॅपटॉपचं खासगी प्रकरन." आणि कोणी "बस, थोडंसंच राहिलं आहे" असं म्हटलं की ती सरळ चपला घालून खाली निघून जायची. पाहुण्याला घरात सोडून! एकदा मी तासभर एकटी बसले, तिची भाजी लागू नये म्हणून हलवत.

पण तिचा सगळ्यात भयंकर प्रकार पाण्याचा. गेम दुसऱ्या कुणाला खेळायला दिली, की बनवणाऱ्यानं तोंडात पाणी धरून बसायचं. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. स्टीलचा लोटा ती स्वतः पुढे करायची. पहिल्यांदा मला वाटलं काही नवसाचं वगैरे आहे.

"अवं, तू लोकाइच्या घरी जाऊन त्याइच्या कानात सांगनार हाये का, इथं दाब, तिथं दाब?" ती म्हणाली. "तुझं तोंड रिकामं असलं का तू सांगतच राहते. भर पानी अन् पाह. ते अडकले का तुझी गेम अडकली, एवढं समज."

तुम्ही कधी करून पाहा. समोरचा माणूस सरळ दिसणारा दरवाजा सोडून भिंतीवर धडका मारतो आहे, आणि तुम्ही गाल फुगवून बसला आहात. जीव नुसता कासावीस होतो.

सेक्टर टूमध्ये मी सगळ्यांना खेळायला दिली. शेजारच्या काकू, त्यांची पोट्टी, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी. सगळे खूश! काकूंचे तर डोळे भरून आले. मी नाचतच ताईकडे गेले. ती म्हणाली, "हे सगळे प्लांटवाले. उद्या दुर्ग स्टेशनवर चाल."

"स्टेशनवर? कावून?"

"तिथं लोकाइजवळ वेळ असते अन् ते तुले ओळखत नाई."

प्लॅटफॉर्मवर एक नवरा-बायको बसले होते, गाडी लेट, बाजूला मोठमोठ्या बॅगा. ताईनं अशी काही हिंदीत सुरुवात केली जशी त्यांच्याच घरची आहे. मोबाईल हातात दिला. मी बाजूला बसून तोंडात पाणी भरलं.

त्या माणसानं पोरीला दोन पावलं चालवलं, थांबला, आणि म्हणाला, "ये आदमी दिन-दहाड़े क्यों पड़ा है? पीता है क्या?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

बायको वाकून बघत म्हणाली, "पीता ही होगा. देखो ना, बच्ची बेचारी कैसे डर-डर के चल रही है."

"उठेगा तो मारेगा इसको," तो म्हणाला. आणि अगदी काळजीनं, जपून, पोरीला दारापर्यंत नेऊ लागला.

बाप्पा! माझ्या तोंडातलं पाणी गेलं श्वासनलिकेत. असा ठसका लागला की अर्धं पाणी त्यांच्या बॅगेवर. त्या बाईनं माझी पाठ थोपटली, बिचारीला काय माहीत! माझे बाबा! ज्यांनी आयुष्यात तंबाखूसुद्धा खाल्ली नाही, ते माझ्या गेममध्ये दारुडे झाले होते, आणि मीच त्यांना तसं करून मोबाईलमध्ये बसवलं होतं. ताईनं मात्र शांतपणे त्यांना विचारलं, "फिर आगे क्या होगा, भैया?" दोघांनी मिळून सगळी गोष्ट सांगितली. माय पळून गेली असेल, पोरगी पण एक दिवस पळेल. ती मान हलवत ऐकत होती.

बाहेर येऊन मी तिच्यावर तुटून पडले. रिक्षावाले बघत होते. "तुमी त्याइले सांगितलं कावून नाई? माह्या बाबाले दारुडा म्हनून रायले, अन् तुमी मजा पाहता?"

"त्याइनं जे पाहिलं तेच तुझ्या गेममंदी हाये," ती म्हणाली. "बाकीचं तुझ्या डोक्यात हाये. ते त्याइले दिसत नाई."

"सेक्टर टूमंदी तर एकानंही असं नाई म्हटलं!"

"कसे म्हनतीन? तिथल्या पोट्ट्याइले दिवसा झोपलेला बाप दिसला का ते पयले दार लोटून घेतेत. त्याइच्या घरी बाप दिवसाच झोपते. बाहेरच्या दुनियेत दिवसा झोपते तो आजारी, नाई तर पिऊन पडलेला. तुले हे मालूमच नव्हतं. मलेही पुन्याले जाऊनच समजलं. हॉस्टेलमंदी मी दुपारी चपला हातात घेऊन चालू, पोरी हासत."

खरं सांगते, मला मालूमच नव्हतं. माझ्या डोक्यात दुपार म्हणजेच बाबांची झोप. ते कुणाला समजावून सांगावं लागतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

घरी येऊन मी गेमच्या सुरुवातीला चार ओळी लिहिल्या, की हे बाबा रात्रभर प्लांटमध्ये काम करून आले आहेत वगैरे. पुन्हा स्टेशन, पुन्हा पाणी. सगळ्यांनी न वाचता अंगठ्यानं ओळी उडवल्या. एकानंही वाचलं नाही! ताई म्हणाली, "गेमले कोनी वाचत नाई. त्याइच्या हातानं करून घे."

मग मी सुरुवात बदलली. पहाट, बाबा सायकलवरून येतात, आणि खेळणाऱ्यालाच दार उघडावं लागतं. बाबांच्या हातातलं हेल्मेट घेऊन खुंटीला टांगायचं. त्यांना पाणी द्यायचं. ते पडले की आपल्याच बोटानं पडदा ओढून खोलीत अंधार करायचा. बस. पुढच्या वेळी स्टेशनवर कॉलेजातली एक पोरगी खेळत होती. मैत्रीण मोठ्यानं हसली तर हीच म्हणाली, "चुप ना यार, सो रहे हैं." माझ्या तोंडात पाणी होतं म्हणून बरं, नाही तर मी तिला मिठीच मारली असती. ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे फल्लीदाणे चालू.

असं करता-करता बाबांची रिटायरमेंट तोंडावर आली. घरात खोके भरून ठेवलेले, भिंतीवरचे फोटो उतरलेले. बाबांनी दुर्गला पद्मनाभपुरात भाड्याचं घर पाहून ठेवलं होतं. गेम तयार होती, फक्त बाहेर सोडायची होती. आणि एका दुपारी ताई, न सांगता, आमच्या दारात! ती कुणाच्या घरी जात नसे. आईची तारांबळ उडाली.

"काकांनी खेळली का?" तिनं बसल्या-बसल्या विचारलं.

"नाई अजून. बाहेर निघाली का देनार होती."

"ज्याच्यावर गेम बनवली त्यालेच नाई दाखवली? देऊन टाक."

बाबांनी चष्मा लावला. मोबाईल लांब धरला. दार उघडलं, हेल्मेट टांगलं, "अरे, बराबर खुंटी इथीच हाये," म्हणून हसले. पडदा ओढला. मग पोरीला घेऊन डब्याकडे नाही, कपाटाकडे नाही, सरळ पलंगाकडे गेले आणि झोपलेल्या बाबांना उठवलं. स्क्रीन काळी झाली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा पलंगापाशी. पुन्हा उठवलं. मी म्हटलं समजलं नसेल.

"बाबा, त्याइले उठवायचं नसते."

"कावून?"

"ते नाईट करून आले ना. थकले हायेत. झोपू द्यायचं."

त्यांनी पुन्हा उठवलं. स्क्रीन पुन्हा काळी. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले झोप कुठी लागत होती वं दिवसा? तास-दीड तास, बस. मंग जागाच पडून राहत होतो. तुमी मायलेकी इतक्या चूप, इतक्या जपून चालत... मले सगळं समजे. कपाट उचलून उघडते, ते बी समजे. वाटे, आता एखादी येईन, उठवीन. म्हून डोळे मिटून वाट पाहत पडून राहत होतो."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं हातातला चहाचा ट्रे खोक्यावर टेकवला. इतकी वर्षं! इतकी वर्षं त्या घरात आम्ही श्वास दाबून जगलो, आणि आत हा माणूस जागा! माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि त्या दिवशी तर तोंडात काही नव्हतं.

बोलली ती ताई, आणि तीसुद्धा चिडून. आमच्या घरात बाबांना असं कधी कुणी बोललं नव्हतं. "मंग सांगाले काय झालं होतं, काका? हाक मारली असती एक!"

"कसं सांगू?" बाबा म्हणाले. "इतक्या मनापासून चूप राहत होत्या बिचाऱ्या. मोडवत नव्हतं."

ताई उठली. खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी बाबांना विचारलं, "उठवलं असतं तर काय केलं असतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "काई नाई. सरकलो असतो. जागा केली असती."

रिलीजच्या तोंडावर कोणी नवीन काही घालत नाही. जे चालतं ते मोडतं. मी ताईकडे पाहिलं. ती न वळता म्हणाली, "काय पाहून रायली? लॅपटॉप काढ."

मी ते केलं. खोक्यांवर लॅपटॉप ठेवून केलं. आता कोणी त्या बाबांना उठवलं की स्क्रीन काळी होत नाही. ते डोळे उघडतात आणि भिंतीकडे सरकतात. बाबांच्या रिटायरमेंटच्या आधी गेम बाहेर गेली, नागपूर टळलं. कितीतरी लोक शेवटपर्यंत जपून, चुपचाप खेळतात आणि त्यांना हे कधी कळतच नाही.

क्वार्टर सोडायच्या आदल्या दुपारी बाबा तिथंच पडले होते. पडदे निघाले होते, पलंगावर ऊन आलं होतं, डोळे मिटलेले. आई सवयीनं चपला हातात घेऊन चालत होती. मी आत गेले आणि त्यांना हाक मारली.

"काय वं?" म्हणाले, आणि सरकले.

मी तशीच बाहेर आले, ताईला फोन लावला, आणि रडत-रडत सगळं सांगितलं, की मी उठवलं, ते जागेच होते, ते सरकले.

"मंग मले कावून फोन करून रायली, बह्याड?" ती ओरडली. "जाय, बस ना तिथं!"

आणि फोन ठेवून दिला.